गवे वाढले, की आता शेतात दिसू लागले?

राधानगरी, भुदरगड, शाहूवाडी, आजरा भागातल्या कुठल्याही पारावर बसा, "गवे लई वाढलेत" हे ऐकू येणारच. वाढले असतीलही. पण संख्या वाढणे वेगळे आणि जंगलातले कळप उसात उतरू लागणे वेगळे. दोन्हींचे उपायही वेगळे. म्हणून मोजणी नीट हवी आणि मोजणारा शिकलेला हवा.

दाजीपूरचे जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखले गेले. पुढे विस्तार होऊन ३५१ चौरस कि.मी.चे राधानगरी अभयारण्य झाले. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाणावर बसून होणारी प्रगणना आपल्याला ठाऊक आहे. पण एकच कळप दोन पाणवठ्यांवर गेला तर दोनदा मोजला जातो आणि जो आलाच नाही तो राहून जातो. एका रात्रीवरून एकूण आकडा काढता येत नाही.

कागदावरचा आकडा किती फसवतो, हे राजस्थानात सरिस्कात दिसले. कागदोपत्री वाघ होते. २००५ साली तिथे एकही उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर नुसत्या ठशांवरची मोजणी मागे पडली. २००६ पासून दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने व्याघ्रगणना होते. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था त्यात प्रमुख आहे. वनरक्षकांना तिचे प्रशिक्षण दिले जाते.

त्यात काय शिकवतात? दोन कि.मी.ची सरळ रेषा आखून पहाटे चालायचे. प्राणी दिसला की किती, किती अंतरावर, कुठल्या दिशेला, हे लिहायचे. लांबचे प्राणी नजरेतून सुटतात. किती सुटले असतील याचा अंदाज त्या अंतरावरूनच बांधतात. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे, म्हणून ते कॅमेऱ्याने ओळखता येतात. गव्याला अशी खूण नाही, म्हणून त्याच्यासाठी ही चाल महत्त्वाची.

हीच शिस्त आपल्या बांधावरही चालते. नुकसान दिसले की आधी तारीख, गट नंबर, पीक आणि तुडवलेले क्षेत्र लिहा. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, चालत्या बिबट्याच्या ठशात सहसा उमटत नाहीत. डुक्कर जमीन उकरते. गवा आणि पाळीव जनावर यांचे खूर सारखे वाटू शकतात; तेव्हा शेण, मोडलेला ऊस, येण्या-जाण्याची वाट हेही बघा. गवा समोर असेल तर मात्र फोटोच्या नादी लागू नका, लांब राहा.

पंचनामा होईपर्यंत खुणा पुसू नका. नुकसानीची तक्रार तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. उशीर झाला की खुणाही जातात आणि भरपाईही अडते.

ग्रामपंचायतींना एक विनंती. वन्यप्राण्यांची एक नोंदवही ठेवा. ज्या आठवड्यात काहीच आले नाही, तेव्हाही "काही आढळले नाही" असे लिहा. प्रशिक्षित वनरक्षक रिकामी फेरीही नोंदवतो. दोन-तीन हंगामांच्या अशा नोंदी असल्या तर कळप कुठल्या महिन्यात, कुठल्या वाटेने उतरतो हे आपल्याला दाखवता येईल आणि चर, कुंपण, राखण कुठे हवी ते ठरवता येईल. नुसतं "लई वाढलेत" म्हणून यातलं काही ठरत नाही.