परड्यातलं खुराडं

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका परड्यात एक जुना एकदारी फ्रिज कुशीवर आडवा ठेवलेला आहे. खाली गुडघाभर उंचीचे लोखंडी पाय, वर पत्र्याचं उतरतं छप्पर, दाराच्या जागी जाळीची चौकट. चार गावरान कोंबड्या रात्री यात झोपतात आणि दिवसभर शेजारच्या जाळीबंद जागेत उकरत असतात. पेठांतली परडी आता बुजत चालली आहेत, पण जिथं उरली आहेत तिथं अशी खुराडी हमखास दिसतात. कुणी लोखंडी कपाटाचं केलंय, कुणी कूलरच्या बॉडीचं, कुणी जिन्याखालची मोकळी जागा जाळीनं बंद केली आहे. मला ही खुराडी मनापासून आवडतात. त्यांतला प्रत्येक तुकडा कुठल्या ना कुठल्या त्रासावर उपाय म्हणून तिथं आलेला असतो.

हे फ्रिजचं खुराडं बनवणारा मिस्त्री उद्यमनगरात फॅब्रिकेशन करतो. त्याचं काम बघत मी बराच वेळ उभा होतो. भंगारवाल्यानं कॉम्प्रेसर आणि नळ्या आधीच काढून घेतल्या होत्या. उरलेल्या सांगाड्याच्या दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला असतो, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात आतली जागा लवकर तापत नाही. पण फ्रिज म्हणजे हवाबंद पेटी. म्हणून छपराच्या वळचणीखाली, दोन्ही टोकांना, त्यानं भोकांची रांग पाडली. ही भोकं दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर हवीत. विष्ठेतून निघणारा अमोनिया आणि श्वासातली वाफ वरच्या वर निघून जाते, आणि झोपलेल्या पाखराच्या अंगावर थेट वारा येत नाही.

भोकं पाडून झाल्यावर तो प्रत्येक भोकाच्या कडेनं पत्र्याची गोल पट्टी बसवू लागला. एवढं बारीक काम कशासाठी, असं मी विचारलं. "फोम उघडा दिसला की टोचून टोचून खात्यात," तो म्हणाला. ते खरंच आहे. कोंबडीला फोमचं विलक्षण आकर्षण असतं; एक कण तोंडाला लागला की ती भिंत पोखरत जाते आणि फोम पोटात साचतो. कानशीनं कडा घासून, बोट फिरवून, पुन्हा घासून त्यानं ते काम संपवलं. अख्ख्या खुराड्यात सगळ्यात जास्त वेळ याच कामाला लागला.

आत फार काही नाही. झोपायला लाकडी दांडी, कडा गोल केलेली. फ्रीझरच्या बाजूला फळी घालून अंडी घालायचा अंधारा कप्पा, त्यात भाताचं पिंजर. दांडी कप्प्यापेक्षा उंच हवी, कारण कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा शोधते. कप्पा वर गेला तर ती तिथंच झोपते आणि सकाळची अंडी घाणीत पडतात.

जाळीच्या बाबतीत मात्र मिस्त्री कुणाचं ऐकत नाही. बाजारात कोंबडीची जाळी म्हणून मिळते ती षटकोनी, पातळ तारेची. "ती कोंबडी आत ठेवायला हाय. मुंगसाला बाहेर ठेवायला न्हाई," असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. मुंगूस दिवसा येतं, मांजर रात्री, तर घूस खालून जमीन उकरत येते. म्हणून तो अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी वापरतो आणि मोकळ्या जागेभोवती तीच जाळी वीतभर जमिनीत गाडून बाहेरच्या बाजूला वळवतो. दर्शनी बाजूला त्यानं उद्यमनगरातलाच पंचिंगचा उरलेला पत्रा लावला आहे. वॉशर कापून घेतल्यावर राहिलेल्या त्या गोल भोकांच्या पत्र्यातून सकाळचं ऊन आत आलं की फरशीवर नक्षी उमटते. परड्याची शोभाच आहे ती.

शहरातलं खुराडं कोंबडीइतकंच शेजाऱ्यासाठीही बांधावं लागतं, असं माझं ठाम मत झालं आहे. भिंतीला भिंत लागलेली असते. इथं दांडीखाली फ्रिजमधलाच भाजीचा ट्रे सरकवला आहे, त्यात तूस आणि चुलीची राख. कोंबड्यांची बरीचशी विष्ठा रात्री दांडीवरूनच पडते. घरातल्या काकू रोज सकाळी ट्रे ओढून खड्ड्यात रिकामा करतात. ताजी विष्ठा झाडाला थेट घातली तर मुळं करपतात, म्हणून ती कुजल्यावरच कढीपत्त्याच्या बुडाशी जाते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात खरी परीक्षा असते. तूस ओलं झालं की दोन दिवसांत वास सुटतो आणि माश्या येतात. छपराची वळचण म्हणूनच फूटभर बाहेर काढली आहे. कोंबडा पाळलेला नाही. अंडी मिळायला कोंबडा लागत नाही, तो लागतो पिल्लांसाठी. आणि त्याची पहाटेची बांग पेठेत भांडणाचं मूळ होते. कोंबडी खुडूक बसली तर काकू गावाकडून फळलेली अंडी आणून तिच्याखाली मांडतात. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटली की ती बुरुडाकडच्या डालग्याखाली जातात, कारण घार आणि कावळा दिवसाढवळ्या येतात.

खुराड्याच्या दोन्ही अंगांना लांब पाइप वेल्ड केलेले दिसतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी या भागात शिरलं. पहिल्या पुरात काकूंचं विटांचं जुनं खुराडं जागेवरच बुडालं; कोंबड्या पोत्यात भरून माडीवर न्याव्या लागल्या. आता फ्रिज नुसता चार बोल्टांवर बसवला आहे. पाणी चढायला लागलं की बोल्ट काढायचे, चौघांनी पाइप खांद्यावर घ्यायचे आणि पालखीसारखं खुराडं कोंबड्यांसकट गल्लीच्या चढावर न्यायचं. बोल्टांना ग्रीस लावून ठेवायचं काम मिस्त्रीनं काकूंच्या नातवाला नेमून दिलं आहे.

सध्या त्याच्या शेडमध्ये एका गच्चीसाठी खुराडं चाललंय, लोखंडी कपाटाचं. तिथं मुंगसाची भीती कमी, पण दुपारचं ऊन भयंकर; कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत उष्णता बाहेर टाकते. कपाटाला एकच पत्रा, मध्ये फोम नाही. म्हणून तो वर दुसरं छप्पर बसवतोय, मध्ये चार बोटं हवेची जागा ठेवून, आणि कापणी सुरू करण्याआधी गच्चीवर जाऊन टाकीची सावली दुपारी कुठवर पडते ते खडूनं आखून आला आहे.