अकालजात अर्भकांतील वृक्ककार्यमापन

गर्भावधीचे ३२ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकाची वृक्के (मूत्रपिंडे) रक्तातील त्याज्य द्रव्ये व जादा पाणी किती प्रमाणात बाहेर टाकू शकतात, हे ठरविण्याच्या पद्धतींना ही संज्ञा लावतात. प्रौढांसाठी रूढ असलेल्या कसोट्या या वयात जशाच्या तशा लावल्यास निष्कर्ष हमखास चुकतो. औषधाची मात्रा आणि शिरेवाटे द्यावयाचा द्रव या मापनावरच ठरत असल्याने ही चूक अर्भकाच्या जिवावर बेतू शकते.

मानवी वृक्कात सरासरी दहा लाख वृक्काणू (मूत्र तयार करणारी सूक्ष्म एकके) असतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक गर्भावस्थेच्या शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात व ही निर्मिती सु. ३६ व्या आठवड्यास थांबते. त्यामुळे २८ व्या आठवड्यात जन्मलेल्या अर्भकाची वृक्के रचनेनेच अपुरी असतात. वृक्कातील केशिकागुच्छांतून दर मिनिटास गाळल्या जाणाऱ्या द्रवाचे प्रमाण (गाळण-त्वरा) प्रौढात १·७३ चौ. मी. शरीरपृष्ठामागे सु. १२० मिलि., पूर्ण दिवसांच्या नवजातात सु. २० मिलि., तर अशा अर्भकात १० ते १५ मिलि.च्या आसपास असते.

गाळण-त्वरेचा अंदाज सामान्यतः रक्तातील क्रिॲटिनिनावरून करतात. स्नायूंत तयार होणारे हे द्रव्य वारेतून सहज पार होते. म्हणून जन्मानंतर लगेच काढलेल्या रक्तात जो आकडा मिळतो, तो वस्तुतः मातेचा असतो. अर्भकाच्या वृक्कांविषयी तो फारसे काही सांगत नाही. पुढील दोन ते चार दिवसांत तो आणखी वाढतो, कारण अपक्व वृक्कनलिकांतून क्रिॲटिनीन परत रक्तात झिरपते. नंतर काही आठवड्यांत तो हळूहळू उतरतो. अर्थात एकच आकडा पाहून निदान करणे व्यर्थ होय. चढ किती दिवस टिकला व उतार वेळेवर सुरू झाला की नाही, हे पाहावे लागते. ४८ तासांत ०·३ मिग्रॅ. प्रति डेसिलि. वाढ किंवा आधीच्या नीचांकाच्या दीडपट पातळी हे तीव्र वृक्कबिघाडाचे लक्षण मानतात.

प्रयोगशाळेतील पद्धतीनेही फरक पडतो. माक्स याफे यांनी १८८६ मध्ये वर्णिलेल्या पिक्रिक अम्लाच्या रंगविक्रियेवर आधारित पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी वापरात आहे. परंतु काविळीतील पित्तारुणामुळे (बिलिरुबिनामुळे) तिच्यात क्रिॲटिनीन प्रत्यक्षाहून कमी भासते, आणि अकालजात अर्भकांत कावीळ तर नित्याचीच. एंझाइमी पद्धत अधिक विश्वसनीय आहे. सिस्टॅटिन-सी हे प्रथिन वारेतून जवळजवळ पार होत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र ही तपासणी महाग असून सर्वत्र उपलब्ध नाही.

श्वार्ट्‌झ यांच्या १९७६ मधील सूत्रानुसार अर्भकाची लांबी (सेंमी.) एका स्थिरांकाने गुणून क्रिॲटिनिनाने भागली असता गाळण-त्वरा मिळते. कमी वजनाच्या अकालजातासाठी स्थिरांक ०·३३, तर पूर्ण दिवसांच्या नवजातासाठी ०·४५ घेतात. ३६ सेंमी. लांबीच्या व १ मिग्रॅ. क्रिॲटिनीन असलेल्या अर्भकात पहिल्याने सु. १२, तर दुसऱ्याने सु. १६ असे उत्तर येते. पहिल्या आठवड्यात पातळी स्थिर नसल्याने सूत्राला फारसा अर्थ उरत नाही.

नाशिक जिल्ह्यात हा स्थिरांकाचा प्रश्न विशेष जाणवतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर यांसारख्या डोंगराळ, आदिवासीबहुल तालुक्यांतून येणाऱ्या मातेस शेवटच्या पाळीची तारीख नेमकी सांगता येतेच असे नाही. दीड किलोचे मूल तीस आठवड्यांचे आहे, की पोषणाअभावी खुरटलेले छत्तीस आठवड्यांचे, हे त्वचा, तळपायाच्या रेषा व स्नायूंचा ताण पाहून आधी ठरवावे लागते. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ऑगस्ट २०१७ मध्ये ५५ अर्भके दगावल्याचे वृत्त गाजले, तेव्हा अकाली जन्म हे एक प्रमुख कारण म्हणून पुढे आले होते.

अशा ठिकाणी सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे अचूक वजनकाटा. लंगोट वापरण्यापूर्वी व ओला झाल्यावर लगेच तोलल्यास एक ग्रॅम वाढ म्हणजे सु. एक मिलि. मूत्र होय. एक किग्रॅ. वजनाच्या अर्भकास दिवसाकाठी किमान २४ मिलि., म्हणजे जेमतेम पाच चमचे, मूत्र व्हावे. मूत्र कमी व वजन वाढते असल्यास पाणी अंगात साठत आहे असे समजावे. उलट, मूत्र भरपूर असूनही वृक्के बिघडलेली असू शकतात. तेव्हा रक्ततपासणी टळत नाही; पण एवढ्या अर्भकाच्या अंगात अवघे ८० ते १०० मिलि. रक्त असते, याचे भान ठेवून ती बेताने करावी लागते.

भारतासह चार देशांतील २४ संस्थांच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २९ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या व अतिदक्षता कक्षात असलेल्या अर्भकांपैकी सु. ४८ टक्क्यांत तीव्र वृक्कबिघाड आढळला. जेंटामायसीन, ॲमिकासीन ही प्रतिजैव औषधे आणि हृदयाजवळील उघडी राहिलेली धमनी-वाहिनी मिटविण्यासाठी देण्यात येणारी इंडोमेथॅसीन व आयबुप्रोफेन ही औषधे वृक्कांवर ताण आणतात. म्हणूनच जेंटामायसिनाच्या दोन मात्रांतील अंतर पहिल्या आठवड्यात ४८ तासांपर्यंत वाढवितात.

राहून गेलेले वृक्काणू पुढे नव्याने तयार होत नाहीत. उरलेल्यांवर आयुष्यभर अधिक भार पडतो व मोठेपणी रक्तदाबवाढीचा संभव वाढतो. २०१७ च्या अमेरिकन बालरोग अकादमीच्या शिफारशीनुसार इतर मुलांत रक्तदाब तिसऱ्या वर्षापासून मोजावयाचा असला, तरी ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्यांत तो त्याआधीच, प्रत्येक भेटीत मोजावा लागतो.