ज्वाला आहे, हे कशावरून?

मंडळी, मागच्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोललो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचं लाडकं उदाहरण. आज तेच उदाहरण घेऊन आपण तळघरात उतरणार आहोत. तुमच्यापैकी बरेच जण अमेरिका-कॅनडातून ऐकतात आणि इथले कित्येक आईवडील हिवाळ्यात तिकडे मुलांकडे असतात. तिथल्या घरात बहुधा एक फर्नेस असते. ती गॅस जाळून हवा तापवते आणि पंख्याने खोल्याखोल्यांत पाठवते. तिला दोन जोडण्या लागतात, गॅसची आणि विजेची. त्या सुरक्षित आहेत असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, हा आजचा प्रश्न.

नैयायिकांनी एक सावधगिरी सांगून ठेवली आहे. धूर असेल तिथे अग्नी असतो, पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. फर्नेसचं तसंच आहे. आत ज्योत पेटलेली असते, पण धूर दिसत नाही. ज्वलन बिघडलं तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणजे ज्या धोक्याने झोपेत माणूस जातो, तो डोळ्यांना आणि नाकाला कळतच नाही.

नैसर्गिक वायूलाही मुळात वास नसतो. 18 मार्च 1937 रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गळलेला वायू इमारतीखाली साठला होता. एका विजेच्या यंत्राची ठिणगी पडली आणि स्फोटात जवळजवळ तीनशे जण गेले, त्यांत बहुसंख्य मुलं. वायू गळतोय हे कुणाच्या नाकाला कळलंच नव्हतं. त्यानंतर टेक्सासमध्ये वायूत वास मिसळणं सक्तीचं झालं आणि ती पद्धत इतरत्रही पसरली. आज गॅसचा जो उग्र वास येतो, तो माणसाने मुद्दाम घातलेली खूण आहे. जिथे निसर्ग खूण देत नाही तिथे ती आपल्याला तयार करावी लागते. सुरक्षित जोडणीचं सगळं मर्म यात आहे.

आधी गॅसची बाजू पाहू. फर्नेसजवळ हात पोचेल असा बंद करण्याचा व्हॉल्व्ह हवा. त्याच्या पुढे, यंत्रात शिरण्याआधी, नळीचा खाली लोंबणारा छोटा तुकडा असतो. गॅसबरोबर आलेला कचरा आणि ओल तिथे पडते, आतल्या व्हॉल्व्हपर्यंत जात नाही. लवचिक नळी फर्नेसच्या पत्र्यातून आत नेत नाहीत. कंप होऊन पत्र्याची धार तिला कापते. पत्र्यातून जाते ती कडक लोखंडी नळी. घरातल्या नैसर्गिक वायूचा दाब साधारण सात इंच पाण्याच्या स्तंभाइतका, म्हणजे फारच थोडा. नवी नळी तपासताना मात्र त्याहून कितीतरी जास्त दाबाची हवा भरतात, म्हणून त्या वेळी फर्नेसचा व्हॉल्व्ह नळीपासून वेगळा ठेवावा लागतो, नाहीतर तो खराब होतो. शेवटी गॅस सोडल्यावर प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी लावतात. बुडबुडा आला, म्हणजे गळती. काडी ओढून कधीच पाहायचं नाही.

आता वीज. फर्नेसला 120 व्होल्टचं स्वतंत्र सर्किट लागतं. त्यावर दुसरं काही जोडायचं नाही आणि समोर दिसेल असा बंद करण्याचा स्विच हवा. काळी वायर फेजची, पांढरी न्यूट्रलची, हिरवी किंवा उघडी अर्थिंगची. काळी-पांढरी उलटी झाली तर पंखा फिरेल, दिवा लागेल आणि जोडणारा म्हणेल, चालतंय की! पण चालणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं. गॅसची नळी तर अर्थिंग म्हणून कधीच वापरू नये.

याचं कारण फर्नेसच्या स्वभावात आहे. ती कशावरही सहज विश्वास ठेवत नाही. उष्णता मागितली की आधी छोटा पंखा धूरमार्गातून हवा ओढतो. हवा खरंच वाहते आहे असं दाबाच्या स्विचने सांगितलं तरच पेटवणारा भाग तापतो आणि मग गॅस सुटतो. पुढच्या काही सेकंदांत ज्योतीची साक्ष मिळाली नाही तर व्हॉल्व्ह बंद. ही साक्ष देते ज्योतीत शिरलेली धातूची एक बारीक कांडी. ज्योतीतून वीज किंचित वाहते, तीही एका दिशेने जास्त. अँपिअरचे काही दशलक्षांश एवढाच तो प्रवाह. तो बर्नरच्या धातूतून, अर्थिंगच्या वाटेने परत येतो. अर्थिंग सैल असेल तर ज्योत धडधडून जळत असते आणि यंत्राला मात्र ती दिसत नाही. गॅस आणि वीज या दोन जोडण्या खरं तर एकच आहेत, ते इथे कळतं.

अशा वेळी फर्नेस पुन्हा पुन्हा बंद पडते. बाहेर उणे वीस, घरात लहान मूल. कुणीतरी सुचवतं, तो सुरक्षेचा स्विच वायरने जोडून टाका, चालेल. मंडळी, हा सल्ला ऐकू नका. यंत्र शंका घेतंय म्हणून आपण वाचतो. त्याचं तोंड बंद केलं तर धोका तसाच राहतो, फक्त सांगणारा जातो.

ही कामं परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावीत आणि तपासणीचा दाखला मागावा. मागायला संकोच वाटतो, घरी आलेल्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं, हे आम्हाला ठाऊक आहे. पण पुरावा मागणं हा अपमान नव्हे. चांगला कारागीर साबणाचे बुडबुडे स्वतःहून दाखवतो.

आईवडिलांनी एवढं लक्षात ठेवावं. प्रत्येक मजल्यावर, झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे ना, हे मुलांना विचारा. महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून पाहा. तो वाजला तर खिडकी उघडत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नका, फोनसुद्धा बाहेर जाऊन करा. कोट शोधण्यात वेळ घालवू नका. थंडी दहा मिनिटं सोसता येते.