मळणीची धूळ फुफ्फुसात किती खोल जाते?

मळणीयंत्राच्या धुरळ्याने शिंका येतात व घसा खवखवतो. हा त्रास मुख्यतः जाड धुळीचा होय. १० मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण बहुतांशी नाकात व घशातच अडतात. जे कण शिंकही न आणता पुढे जातात, त्यांचा विचार अधिक अगत्याचा आहे.

आत गेलेली धूळ मोजावी कशी? एकाच आकाराचे निरुपद्रवी कण मिसळलेली हवा नळीवाटे माणसास घ्यावयास देतात. आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेतील कण प्रकाशझोतात मोजले जातात. परत न आलेले कण आत राहिले. परंतु ते कोठे बसले, हे या वजाबाकीने कळत नाही. त्यासाठी कणांना टेक्नेशिअम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य अत्यल्प प्रमाणात जोडतात व गॅमा कॅमेऱ्याने छातीचे तत्काळ एक आणि २४ तासांनी दुसरे मापन घेतात. श्वासनलिकांतील सूक्ष्म केसांचे अस्तर तेथील बहुतेक कण चिकट स्रावासह एका दिवसात वर ढकलते. वायुकोशांना असे अस्तर नाही. म्हणून किरणोत्सर्गाची नैसर्गिक घट वजा धरून दुसऱ्या दिवशीही जे उरते, ते ढोबळमानाने वायुकोशांतील समजतात.

अशा मापनांतून एक चमत्कारिक गोष्ट दिसते. अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे कण बहुतेक उच्छ्वासाबरोबर परततात. १ ते ३ मायक्रॉनचे कण मात्र वायुकोशांपर्यंत पोचून तेथे बऱ्याच प्रमाणात स्थिरावतात.

शेतकऱ्याचा संबंध येथेच येतो. ओलसर गवत वा कडबा गंजीत तापला म्हणजे त्यावर उष्णताप्रिय ॲक्टिनोमायसीट जीवाणू वाढतात आणि त्यांची बीजुके सुमारे १ मायक्रॉनची असतात. बुरसटलेले गवत हाताळणाऱ्या इंग्लंडमधील शेतकऱ्यांच्या छातीच्या विकाराचे वर्णन कॅम्पबेल यांनी १९३२ मध्ये केले. पुढे तो ‘फार्मर्स लंग’ या नावाने ओळखला गेला. साठविलेल्या उसाच्या चोथ्यापासूनही असाच विकार होतो. ताप, कोरडा खोकला व दम ही लक्षणे काम संपल्यावर ४ ते ८ तासांनी दिसतात. साहजिकच रोग्यास साधा फ्लू वाटतो, दोन दिवसांत बरे वाटते आणि तो पुन्हा त्याच गंजीशी जातो! असे वारंवार झाल्यास फुफ्फुसास कायमचे व्रण पडतात.

वैरण पूर्ण वाळवूनच गंज रचावी. बुरसटलेल्या पेंढ्या बंद गोठ्यात झाडू नयेत. उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन सोडाव्या. तोंडास बांधलेले उपरणे जाड धूळ अडविते, बीजुके पुरेशी अडवीत नाही. त्यासाठी चेहऱ्यास घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा हवा. कष्टाच्या कामात माणूस तोंडाने श्वास घेतो व नाकाची गाळणी निरुपयोगी ठरते, हेही ध्यानात असावे. संध्याकाळी ताप भरल्यास दिवसभर कोणती वैरण हाताळली, ते डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.