गोधडीच्या शिवणीतील पाव इंच माया

जुन्या कापडाला दुसरा जन्म देण्याची कला आपल्या देशात ठिकठिकाणी आढळते. महाराष्ट्रातील गोधडी व वाकळ, बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी, यांची नावे व घाट निराळे असले तरी मूळ एकच आहे. घरातील विरलेली लुगडी, धोतरे, मुलांचे सदरे टाकून न देता त्यांची ऊब पुन्हा घरालाच मिळावी, ही त्यामागील दृष्टी होय.

कवंदी हाताने शिवतात. तुकडे खालच्या कापडावर ठेवून, त्यांच्या कडा आत दुमडून, बाहेरून मध्याकडे धावदोरा घालीत जातात. एखादा तुकडा अंमळ लहानमोठा निघाला तरी शेजारचा त्यावर सरकवून घेता येतो. यंत्रावर चौकोन एकमेकांना जोडून गोधडीचा दर्शनी थर तयार करताना मात्र अशी सवलत नसते. तेथे प्रत्येक शिवणीचे माप काटेकोर असावे लागते.

शिवणीच्या पलीकडे जे कापड सोडतात, त्याला आपण ‘माया’ म्हणतो. मुलांच्या कपड्यांत ती सढळ असावी. मूल वाढले की उसवून कपडा मोठा करता येतो. गोधडीच्या चौकोनांत ती सढळ नको आणि अपुरीही नको, पहिल्या शिवणीपासून शेवटच्या शिवणीपर्यंत सारखी हवी. हे माप बहुधा पाव इंच, म्हणजे दोन सूत धरतात.

हे मी फार उशिरा शिकले. आई गेल्यावर तिच्या एका इरकली लुगड्याचे चौकोन कापून मी गोधडी शिवावयास घेतली. एका ओळीत ४½ इंचांचे १२ चौकोन होते. दुसऱ्या ओळीत तेवढ्याच मापाचे १२ चौकोन होते, पण त्यांतील प्रत्येक चौकोन २½ इंचांचे चार तुकडे जोडून केलेला होता. हिशेबाने दोन्ही ओळी ४८½ इंच भरावयास हव्या होत्या. शेजारी ठेवून पाहते तो दुसरी ओळ दीड इंच आखूड! लांब ओळ कापून टाकावी म्हणून कात्री हाती घेतली, पण लुगडे एकच होते. चूक झाली तर नवा तुकडा कोठून आणणार? कात्री खाली ठेवली आणि मोजपट्टी घेतली.

कापणी बिनचूक होती. चूक शिवणीत होती. यंत्राच्या पायाची कड सुईपासून पाव इंचावरच असणार, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ते अंतर अर्धे सूत जास्त होते. शिवणीच्या दोन्ही बाजूंना अर्धे सूत जास्त गेले, म्हणजे प्रत्येक शिवणीत एक सूत गेले. पहिल्या ओळीत ११ शिवणी, म्हणून ती ११ सूत आखडली. दुसरीत २३ शिवणी, म्हणून ती २३ सूत. फरक १२ सुतांचा, म्हणजे बरोबर दीड इंच. चूक प्रत्येक शिवणीत सारखीच होती, तरी जेथे जोड अधिक तेथे ती अधिक साठली.

म्हणून कापडाला हात लावण्यापूर्वी आपले यंत्र तपासावे. सरळ कडेच्या जाड कागदावर, उजव्या कडेपासून पाव इंचाला किंचित कमी अंतरावर रेघ ओढा. हे किंचित म्हणजे दोऱ्याच्या जाडीएवढे. शिवण एका बाजूस दुमडली की त्या घडीत तेवढे कापड जाते. सुईतील दोरा काढून, चाक हाताने फिरवून सुई त्या रेघेवर टेकवा व पाय खाली सोडा. आता कागदाच्या उजव्या कडेला लागून यंत्राच्या पटावर चिकटपट्टीचे सात-आठ थर एकावर एक लावा. कापड सरकविणारे दाते मात्र झाकू नका. हा लहानसा बांध आपल्याकडे लांबवर आलेला असावा, म्हणजे कापडाची कड सुईजवळ पोहोचण्यापूर्वीच सरळ होते. हाताने चालविण्याच्या यंत्रावर उजवा हात चाकात गुंतलेला असतो व कापड सांभाळण्यास एकटा डावा उरतो. तेथे या बांधाचा उपयोग विशेष.

यानंतर परीक्षा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, शिवणी एका बाजूस वळवून इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती नेमकी एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर बांध सुईकडे सरकवा, जास्त भरली तर दूर न्या. माप जुळेपर्यंत चिंध्यांवरच प्रयोग करावा.

इतर पथ्ये थोडकी आहेत. नवे सुती कापड आधी धुऊन आटवून घ्यावे. जुने लुगडे मऊ पडलेले असते. त्याला हलकी खळ देऊन मग कापावे. दोरा बारीक वापरावा. शिवताना कापड मागून ओढू नये, ते दात्यांनीच पुढे न्यावे. इस्त्री घासू नये, वरून दाबावी. घासल्याने चौकोन ताणले जातात. एका ओळीतील शिवणी उजवीकडे व पुढच्या ओळीतील डावीकडे वळवाव्यात, म्हणजे जोडाजवळ दोन्ही एकमेकींना बिलगून बसतात व चौकोनांचे कोपरे जुळतात.

माझ्या त्या दोन ओळी उसविण्यात चार दुपारी गेल्या. मात्र कापणी बरोबर असल्यामुळे एकही तुकडा वाया गेला नाही. बांध लावून पुन्हा शिवल्यावर दोन्ही ओळी ४८½ इंच भरल्या. आपल्या घरीही पेटीच्या तळाशी असे एखादे लुगडे असेल. त्याला कात्री लावण्यापूर्वी तीन चिंध्या जोडून पाहा. अर्ध्या तासाचे ते काम. पण तेवढ्याने, पुन्हा मिळणार नाही असे कापड वाचते.