इलेक्ट्रॉनिक नियंत्रित स्वयंचलित गिअरबॉक्समधील दोषनिदान : एक विवेचन

प्रस्तावना

मोटारगाडीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये बिघाड उद्भवल्यास तो खाली उतरवून खोलण्याकडे अनेकदा कल दिसतो. ही दुरुस्ती अत्यंत खर्चिक असते. मूळ दोष एखाद्या फ्यूजमध्ये किंवा तारेच्या जोडणीत असेल, तर हा सर्व खर्च व्यर्थ जातो व दोषही कायम राहतो. म्हणून दोष विद्युत स्वरूपाचा आहे, तेलाच्या दाबाशी संबंधित आहे की यांत्रिक आहे, हे गिअरबॉक्स खोलण्यापूर्वीच निश्चित करणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या ४एल६०-ई या चार गिअरच्या गिअरबॉक्सच्या आधारे या निदानपद्धतीचे विवेचन केले आहे.

रचना व कार्य

या गिअरबॉक्सच्या ७००-आर-४ या पूर्वरूपात गिअर केव्हा बदलावा हे गव्हर्नर व थ्रॉटल केबल यांच्यावर अवलंबून असलेल्या तेलाच्या दाबांवरून ठरत असे. १९९३ पासून आलेल्या ४एल६०-ईमध्ये हा निर्णय संगणकाकडे सोपविण्यात आला. तथापि क्लच व बँड हे पूर्वीप्रमाणेच तेलाच्या दाबाने कार्य करतात. म्हणजेच निर्णय संगणक घेतो, तो सोलेनॉइड व तेल यांच्यामार्फत पोहोचतो आणि क्लच व बँड त्याची अंमलबजावणी करतात. दोष या तीनपैकी कोणत्याही टप्प्यावर असू शकतो.

गिअर बदलण्यासाठी ‘ए’ व ‘बी’ असे दोन सोलेनॉइड असतात. पहिल्या गिअरमध्ये दोन्ही चालू, दुसऱ्यात फक्त ‘बी’ चालू, तिसऱ्यात दोन्ही बंद आणि चौथ्यात फक्त ‘ए’ चालू असतो. विद्युतपुरवठा पूर्णपणे खंडित झाल्यास दोन्ही सोलेनॉइड बंद पडतात व गाडी तिसऱ्या गिअरवरच निघते. त्याच वेळी दाबनियंत्रक सोलेनॉइडचाही प्रवाह थांबल्याने तेलाचा दाब कमाल होतो व गिअर झटक्याने पडतो. ही दोन्ही लक्षणे एकत्र आढळल्यास प्रथम फ्यूज व मुख्य जोडणी तपासणे इष्ट होय.

प्राथमिक तपासणी

सर्वप्रथम गिअरबॉक्स गरम असताना, इंजिन चालू ठेवून व लिव्हर पार्क स्थितीत ठेवून तेलाची पातळी पाहावी. तेल काळपट व जळकट वासाचे असल्यास क्लच जळाल्याची शक्यता असते. ते दुधाळ गुलाबी दिसल्यास रेडिएटरमधील पाणी त्यात मिसळले असे समजावे. यानंतर बॅटरीचा दाब व अर्थिंगच्या जोडण्या तपासाव्यात.

दोषसंकेतांचा अर्थ

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ ही निदानप्रणाली अनिवार्य झाली. स्कॅनरवर दिसणारा दोषसंकेत सदोष भागाचे नाव सांगतो, हा समज मात्र योग्य नाही. उदाहरणार्थ, पी०७५३ हा संकेत ‘ए’ सोलेनॉइडच्या विद्युत परिपथातील दोष दर्शवितो. हा दोष सोलेनॉइडच्या वेटोळ्यात, तारेत किंवा कनेक्टरमध्ये असू शकतो. म्हणून सोलेनॉइड बदलण्यापूर्वी ओहममीटरने रोध मोजणे अगत्याचे आहे. याउलट, पी०७५१ या संकेताचा अर्थ आज्ञेनुसार अपेक्षित असलेला गिअर प्रत्यक्षात पडला नाही असा होतो. अशा वेळी सोलेनॉइड कचऱ्याने अडकलेला असू शकतो, व्हॉल्व्ह जाम झालेला असू शकतो किंवा क्लच घसरत असू शकतो.

गिअरच्या क्रमावरून निदान

संगणकाने दिलेली आज्ञा व प्रत्यक्ष पडलेला गिअर यांची तुलना हा निदानाचा गाभा होय. ‘ए’ सोलेनॉइड बंद अवस्थेत अडकल्यास १-२-३-४ या आज्ञेला २-२-३-३ असा प्रतिसाद मिळतो. ‘बी’ बंद अवस्थेत अडकल्यास हाच क्रम ४-३-३-४ असा होतो. या दोन्ही क्रमांत चुकीचा का होईना, पण गिअर पक्का पडतो.

यांत्रिक दोषाचे स्वरूप याहून भिन्न असते. दुसरा व चौथा हे दोनच गिअर घसरत असल्यास त्या दोहोंत कार्य करणारा बँड किंवा त्याचा सर्व्हो संशयास्पद ठरतो. तिसरा व चौथा घसरत असल्यास त्यांचा सामाईक क्लच निकामी झाल्याचा संशय येतो. विद्युत दोष नोंदला गेल्यावर संगणक स्वतःच काही गिअर रोखू शकतो. त्यामुळे ही तुलना करताना स्कॅनरवरील सोलेनॉइडची प्रत्यक्ष आज्ञा पाहणे गरजेचे आहे.

घसरणीचे मापनही करता येते. चौथ्या गिअरचे गुणोत्तर ०.७० आहे. टॉर्क कन्व्हर्टरचा क्लच पूर्ण जोडलेला असताना बाहेर जाणारा शाफ्ट मिनिटाला २००० फेरे फिरत असेल, तर इंजिनाचे १४०० फेरे अपेक्षित असतात. ते १६५० आढळल्यास २५० फेऱ्यांची घसरण होत आहे. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.०० असल्याने तेथे दोन्ही आकडे समान आले, तर कन्व्हर्टरचा क्लच व तिसऱ्या-चौथ्याचा क्लच बहुधा सुस्थितीत असून संशय बँडकडे वळतो. दाबमापकाने तेलाचा दाब तपासून या अनुमानाची खातरजमा करावी.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, दोषसंकेत हा निदानाचा प्रारंभ असतो, शेवट नव्हे. तेल, विद्युत परिपथ, आज्ञा व प्रतिसाद यांची तुलना, तेलाचा दाब आणि अखेरीस यांत्रिक भाग, असा क्रम पाळल्यास अल्पखर्चाच्या तपासण्या आधी होतात व गिअरबॉक्स केवळ आवश्यक तेव्हाच खोलला जातो. गिअरची संख्या व सोलेनॉइडची मांडणी प्रत्येक गिअरबॉक्समध्ये वेगळी असली, तरी तुलनेचे हे तत्त्व सर्वत्र लागू पडते. म्हणून तंत्रशिक्षणात भाग बदलण्याच्या कौशल्याबरोबरच या तर्कपद्धतीलाही स्थान मिळणे आवश्यक आहे.