फायबर आले, अपलोड मागेच

घरगुती फायबर इंटरनेटच्या जाहिरातीत ठळक छापलेला वेग बहुतेकदा डाउनलोडचा असतो. अपलोडचा, म्हणजे घरातून बाहेर माहिती पाठवण्याचा वेग काही प्लॅनमध्ये तेवढाच असतो. काहींमध्ये मात्र निम्मा किंवा त्याहूनही कमी. सरकारी व्याख्येचा कलही तोच. भारतात २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएसवर नेली, ती डाउनलोडची. अपलोडचा त्यात उल्लेखच नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये दोन्ही आकडे ठरवले, पण तेही डाउनलोडला १०० आणि अपलोडला २० एमबीपीएस असे.

या विषमतेत काचेच्या तंतूचा दोष नाही. तंतूतून प्रकाश दोन्ही दिशांना सारखाच जातो. टेलिफोनच्या तारेवरच्या एडीएसएलमध्ये तारेची क्षमताच तोकडी होती, म्हणून तिचा मोठा हिस्सा डाउनलोडला दिला जाई. फायबरमध्ये ती सक्ती उरलेली नाही. इथे प्रश्न वाटणीचा आहे.

घरोघरी पोहोचणारे फायबर बहुधा जीपॉन पद्धतीचे असते. केंद्रातल्या ओएलटी यंत्रातून निघालेला एकच तंतू वाटेतल्या स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत फुटतो. १४९० नॅनोमीटरचा प्रकाश घरांकडे येतो, १३१० नॅनोमीटरचा परत जातो. येतानाची एकूण क्षमता सुमारे २.५ जीबीपीएस, जातानाची सुमारे १.२५. येणारी माहिती सगळ्या घरांत एकदमच पोहोचते आणि घरातल्या भिंतीवरचे फायबरचे यंत्र, म्हणजे ओएनटी, आपल्या वाट्याची तेवढी उचलते. परतीच्या वाटेवर हे जमत नाही: दोन घरांचे लेसर एकाच क्षणी पेटले तर दोन्हींचे संदेश वाया जातात. म्हणून ओएलटी प्रत्येक घर किती लांब आहे ते मोजतो (२० किलोमीटर तंतू ओलांडायला प्रकाशाला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात) आणि त्या हिशेबाने ज्याला-त्याला पाळी देतो. जवळच्या घरातून येणारा झोत प्रखर, लांबच्याचा मंद. क्षणाक्षणाला बदलणारे हे झोत वाचणे एकसलग प्रवाह वाचण्यापेक्षा अवघड.

तरीही सगळे खापर जीपॉनवर फोडता येत नाही. १.२५ जीबीपीएस ३२ घरांत सारखे वाटले, तरी प्रत्येकी ३९ एमबीपीएस होतात. शिवाय सगळी घरे एकाच वेळी काही पाठवत नसतात. सेवा देणाऱ्या कंपनीचे बाहेरच्या जगाशी जोडणारे मुख्य दुवे सहसा दोन्ही दिशांना समान क्षमतेचे असतात. घरगुती ग्राहक मुख्यतः उतरवूनच घेत असल्याने या दुव्यांची जाणारी बाजू बरीच मोकळी राहते. तेव्हा १०० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये अपलोड २० वर अडते, ते बहुतेक वेळा प्लॅनमध्येच तसे बांधलेले असते. समान वेगाची जोडणी कार्यालयांना वेगळ्या भावात विकता येते, हे त्यामागचे व्यापारी गणित.

कमी अपलोडची झळ नेमकी केव्हा लागते? लग्नाचे १० जीबीचे चित्रीकरण २० एमबीपीएसने क्लाउडवर चढवायला तासाहून अधिक वेळ लागतो, १०० ने पाव तासाच्या आत काम होते. त्याहून त्रासदायक गोष्ट सहज लक्षात येत नाही. डाउनलोड चालू असतानाही संगणक ‘माहिती मिळाली’ अशा छोट्या पोचपावत्या सतत परत पाठवत असतो. फोनमधले फोटो आपोआप क्लाउडवर चढू लागले आणि अपलोड तुडुंब भरले, की या पोचपावत्या राउटरच्या रांगेत तिष्ठत राहतात. मग डाउनलोडही मंदावते आणि व्हिडिओ कॉल अडखळतो. राउटरमध्ये ही रांग आटोक्यात ठेवणारी क्यूओएस किंवा एसक्यूएमची सोय असेल, तर अपलोडची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली लावल्याने हा त्रास बराच कमी होतो.

तक्रार करण्याआधी वेग केबल लावून मोजणे इष्ट, कारण वायफायवर मोबाइलचा सिग्नल राउटरच्या मानाने क्षीण असतो आणि अपलोड आधी घसरते. केबलवरही आकडा प्लॅनपेक्षा कमी आला, तर लाइनमनकडून प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावून घ्यावा. ओएनटीपर्यंत येणारा प्रकाश उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून क्षीण असेल, तर कनेक्टरवरची धूळ, दरवाजात चेपलेली वायर किंवा तीव्र वळण शोधावे. प्रकाश ठीक आणि वेग प्लॅनइतकाच असेल, तर प्लॅन बदलण्यावाचून इलाज नाही.

जीपॉनमधली विषमता पुढच्या पिढीत मात्र उरत नाही: २०१६ मध्ये प्रमाणित झालेल्या एक्सजीएस-पॉनमध्ये दोन्ही दिशांना १० जीबीपीएस मिळतात. त्याचा प्रकाश १५७७ आणि १२७० नॅनोमीटरचा, म्हणून तो जीपॉनशेजारी त्याच तंतूवर चालतो. केंद्रात नवी यंत्रे बसवावी लागतात आणि ग्राहकाच्या घरातला ओएनटी बदलावा लागतो. खांबांवरचा तंतू आणि स्प्लिटर जुनेच चालतात.